गाडी न घेता, खिसा सांभाळून स्कॉटलंडमध्ये लिंक्स गोल्फ: कोणी केलंय का?

सिंहगड_रोड

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे मित्र, साठीच्या अलीकडे-पलीकडे. रविवारची सकाळ पुण्यात गोल्फमध्ये जाते. हँडिकॅप (आकडा मोठा तेवढा खेळ कच्चा) अठरापासून अठ्ठावीसपर्यंत, म्हणजे बघणाऱ्यांची करमणूक चांगली होते. पुढच्या मे किंवा सप्टेंबरात आठ-दहा दिवस स्कॉटलंडला जाऊन समुद्रकाठच्या लिंक्स मैदानांवर खेळावं असं फार दिवसांपासून चाललंय.

टूरवाल्यांची पॅकेजं पाहिली. मिनीबस, ड्रायव्हर, तारांकित हॉटेल आणि टीव्हीवर दिसणारी पाच मैदानं. आकडा वाचून आमच्यातल्या एकाने मोबाइल टेबलावर पालथा घातला तो चहा संपेपर्यंत उचलला नाही.

आम्हाला गाडी भाड्याने घ्यायची नाही. चार माणसं आणि चार गोल्फ बॅगा मावतील अशी गाडी महाग पडते, आणि संध्याकाळी एखादी बिअर घ्यायची तर चालवणार कोण हा प्रश्न उरतोच. रेल्वे आणि बसवर हे जमेल का? मुक्काम कुठे करावा? दोघांना सेंट अँड्रूज हवंच आहे. उरलेल्या दोघांचं म्हणणं, नावं नकोत, खेळ हवा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खोचक_खारू

गोल्फ आणि 'परवडणारं' एकाच धाग्यात? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

फोर्थकाठी

मी फाइफमध्ये, म्हणजे सेंट अँड्रूजच्याच परगण्यात राहते. नवरा गोल्फवेडा आहे, त्यामुळे ही माहिती घरात न विचारता साठत जाते.

पहिली गोष्ट, सेंट अँड्रूजमध्ये राहू नका. डंडीत राहा.

सेंट अँड्रूजला रेल्वे स्टेशन नाही. होतं, ते १९६९ मध्ये बंद झालं. जवळचं स्टेशन ल्यूकर्स, आणि तिथून ९९ नंबरची बस. हीच ९९ डंडीहून ल्यूकर्समार्गे सेंट अँड्रूजला येते, अर्ध्या-पाऊण तासात, आणि दिवसभर भरपूर असतात. सेंट अँड्रूजमधल्या खोल्यांचे दर गोल्फवाले आणि विद्यापीठवाले मिळून वर नेतात. सप्टेंबरात तर विद्यार्थी परतलेले असतात, खोली मिळता मिळत नाही. जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात, तो पर्याय बघण्यासारखा आहे. मे-सप्टेंबरासाठी मात्र डंडी.

डंडीचा खरा फायदा दुसराच आहे. तिथून ॲबरडीनकडे जाणारी रेल्वे समुद्राला धरून जाते आणि वाटेत मॉनिफीथ, कार्नूस्टी, आर्ब्रोथ, माँट्रोझ ही गावं आहेत. सगळीकडे लिंक्स. मॉनिफीथ दहा मिनिटांच्या आत, कार्नूस्टी पंधरा मिनिटांच्या आसपास, माँट्रोझ अर्धा तास. म्हणजे एकच खोली, बॅग एकदाच उघडायची, आणि रोज सकाळी वारा बघून गाव ठरवायचं.

कार्नूस्टीत तीन मैदानं आहेत. अमेरिकेचा दिग्गज बेन हॉगन आयुष्यात एकदाच ओपन (ब्रिटनची सर्वांत मानाची गोल्फ स्पर्धा) खेळला, १९५३ मध्ये, आणि तिथेच जिंकला. ते चॅम्पियनशिप मैदान तुमच्या बजेटचं नाही. पण त्याच कुंपणातली बर्नसाइड आणि बडन ही मैदानं त्याच वाळूवर, त्याच वाऱ्यात आहेत आणि फी बरीच कमी. बर्नसाइड माझ्या नवऱ्याचं लाडकं. मॉनिफीथचं मेडल मैदान सुरुवातीची बरीच होल्स रुळांना खेटून जातं, तिथे जपून असावं. माँट्रोझला १५६२ पासून गोल्फ खेळल्याची नोंद आहे आणि मैदानाचं नावच १५६२ आहे. तिथला किनारा समुद्र खात चाललाय, काही टी (होल सुरू करायच्या जागा) मागे सरकवावे लागलेत. जायचं तर लवकर जा, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

सिंहगड_रोड

वा! डंडी डोक्यातच नव्हतं. पण ताई, सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सचं, त्या सगळ्यात नावाजलेल्या मैदानाचं काय? आमचे दोघे त्यावाचून विमानात बसायला तयार नाहीत.

फोर्थकाठी

ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे. हे आपल्याकडे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. सेंट अँड्रूजची सातही मैदानं एक ट्रस्ट चालवतो आणि तो १९७४ मध्ये संसदेच्या कायद्याने उभा राहिलाय. जमीन त्याच्या कितीतरी आधी, १८९४ मध्ये, गावाने विकत घेतली. पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवेवरून एक गावरस्ता आडवा जातो, त्यावरून माणसं कुत्री घेऊन समुद्राकडे जातात आणि खेळणारे थांबतात.

आता खेळायचं कसं. आगाऊ आरक्षण वर्षभर आधीच उडतं. पण रोज एक चिठ्ठी निघते. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या ४८ तास आधी ऑनलाइन नावं द्यायची, किमान दोघे, कमाल चौघे. हँडिकॅप ३६ पर्यंत चालतो, दाखला लागतो. नाव घालायला पैसे नाहीत, लागली तर फी भरायची. २०२५ मध्ये हंगामातली फी ३४० पौंड होती, माणशी. एकट्या खेळाडूंसाठी पूर्वी पहाटेपासून रांग असायची, २०२४ पासून त्याचीही डिजिटल सोडत निघते.

रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो. त्या दिवशी कोणीही फिरायला जाऊ शकतं, फुकट. स्विल्कन पुलावर फोटो काढा, रोड होलच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) डोकावून बघा. शेजारीच 'हिमालयाज' नावाचं पटिंगचं (चेंडू जमिनीवरूनच होलात ढकलायचं) मैदान आहे, १८६७ मध्ये स्थापन झालेल्या महिला क्लबचं. थोडक्या पौंडांत फेरी होते आणि जमीन अशी उंचसखल की हँडिकॅपवाला आणि नातवंडं एका पातळीवर येतात.

बाकी मैदानांपैकी ईडन आणि स्ट्रॅथटायरम खिशाला बरी. न्यू कोर्स १८९५ चा आहे, गावातले बरेच लोक तोच ओल्डपेक्षा बरा म्हणतात.

रेल्वेवेडा

३४० पौंडांत पालिकेच्या मैदानांवर चार फेऱ्या सहज होतात आणि वर जेवण. पण ज्याचा त्याचा देव.

मी गोल्फ खेळत नाही, गाड्या खेळतो. त्यामुळे माझा भाग सांगतो.

स्कॉटरेलने गर्दीच्या वेळचे जादा दर १ सप्टेंबर २०२५ पासून कायमचे काढून टाकले. याचा गोल्फवाल्यांना फायदा मोठा आहे. आधी स्वस्त तिकिटासाठी सकाळची गर्दीची वेळ टळेपर्यंत थांबावं लागायचं, आता आठची गाडी पकडून नऊचा टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) गाठता येतो आणि दर तोच. गोल्फ बॅगेला वेगळे पैसे नाहीत. ल्यूकर्सवरून जाणार असाल तर रेल्वेच्या तिकिटातच सेंट अँड्रूजची बस धरून मिळते, तिकीट काढताना तसं मागा. खूप हिंडणार असाल तर 'स्पिरिट ऑफ स्कॉटलंड' पास आहे, आठपैकी चार दिवस किंवा पंधरापैकी आठ दिवस प्रवासाचा. पण एका गावी राहून जवळजवळचं फिरणार असाल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतील, पासच्या मोहात पडू नका.

एडिंबराहून डंडीला जाताना उजव्या खिडकीशी बसा. फोर्थ पूल (१८९०) ओलांडला की किंगहॉर्नपर्यंत समुद्र त्याच बाजूला आहे. शेवटी टे नदीवरचा पूल. गोल्फ झाला नाही तरी तिकिटाचे पैसे वसूल.

कार्नूस्टीला दोन थांबे आहेत, एक कार्नूस्टी आणि दुसरा 'गोल्फ स्ट्रीट'. नाव बघून दुसऱ्याचं तिकीट काढाल तर फसाल, तिथे दिवसात मोजक्याच गाड्या थांबतात. त्याच्या अलीकडचं बॅरी लिंक्स हे ब्रिटनमधल्या सर्वांत कमी वापराच्या स्थानकांपैकी एक. त्याच्याजवळ पॅनम्योर नावाचा क्लब आहे, हॉगनने १९५३ च्या आधी सराव तिथे केला.

आणि पश्चिम किनारा विसरू नका! ग्लासगो सेंट्रल ते एअर ही लाइन म्हणजे गोल्फची लोकल आहे. बॅरॅसी, ट्रून, प्रेस्टविक, सगळी स्टेशनं मैदानांच्या दारात. प्रेस्टविकला १८६० मध्ये पहिली ओपन झाली. आठ जण, बारा होलच्या तीन फेऱ्या, एका दिवसात. त्याच्या पहिल्या होलचं नावच 'रेल्वे', उजवीकडे भिंत आणि भिंतीपलीकडे आमची गाडी. स्टेशनातून उतरलात की क्लबहाउस. त्या भागात ज्यांनी रूळ टाकले त्यांनीच लोकांना बसायला कारण म्हणून गोल्फ वाढवला. टर्नबेरीचं हॉटेल एका रेल्वे कंपनीनेच १९०६ मध्ये काढलं होतं.

निवृत्त_सुभेदार

रेल्वेवेडा यांनी ट्रूनचं नाव काढलं म्हणून लिहितो. मी लष्कराच्या मैदानावर खेळ शिकलो. मुलगा ग्लासगोला असतो, त्याच्याकडे गेलो की ट्रूनला जातो.

ट्रूनला रॉयल ट्रून आहे, ते बाहेरून बघावं. त्याच गावात स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर पालिकेची तीन मैदानं आहेत, डार्ली, लॉकग्रीन आणि फुलर्टन. एकच क्लबहाउस. दाखला मागत नाहीत, फोन करून वेळ मिळते, सोबतीला तिथलेच प्लंबर, शिक्षक, बसचालक. डार्लीवर गॉर्सची काटेरी झुडपं इतकी आहेत की चेंडू जास्तीचे न्या. फुलर्टन छोटं आहे, पहिल्या दिवशी जेट लॅग असताना ते खेळा. एअरच्या दक्षिणेला गर्व्हन आहे, तिथेही रेल्वे जाते. पालिकेचंच मैदान, पहिली आठ होल्स अक्षरशः समुद्राला लागून, नंतर नदीकाठाने आत. स्वस्तात एवढा समुद्र दुसरीकडे मिळाला नाही.

आता खेळाविषयी. आपल्याला कॅडीची सवय आहे. बॅग तो उचलतो, पुढे आगेवाला चेंडू शोधतो, आपण हात हलवत चालतो. तिथे पालिकेच्या मैदानावर कॅडी नाही. बॅग स्वतः उचलायची, रोज आठ-नऊ किलोमीटर, वाऱ्यात. म्हणून जड कार्ट बॅग घरी ठेवा. पायांवर उभी राहणारी हलकी बॅग आणि आत काठ्यांचा अर्धा सेट. ड्रायव्हर, एक हायब्रिड, पाच, सात, नऊ, एक वेज, पटर. एवढ्यावर भागतं, आणि बसमध्ये चढताना लोक शिव्या देत नाहीत.

जमीन वाळूची, गवत बारीक, चेंडू पडला की पळतो. आपण इकडे चेंडू उंच उडवून हिरवळीवर टाकतो. तिथे वारा तो चेंडू शेजारच्या होलवर नेऊन ठेवतो. तीस यार्डांवरून सात नंबरने खाली ढकला, वीस यार्डांवरून सरळ पटर काढा. एप्रिल-मेमध्ये आपली मैदानं तापून कडक होतात तेव्हा याचा सराव करून जा. पॉट बंकरमध्ये गेलात तर मान खाली घालून बाजूला किंवा मागे काढा. झेंड्याकडे बघू नका. तिथे पराक्रम गाजवणारे मी सात-आठचे आकडे लिहिताना पाहिलेत.

शेवगाशेंग

एक घरगुती सूचना, चौघांत कोणी शाकाहारी असेल तर. क्लबहाउसमध्ये 'लेंटिल सूप' दिसलं की आपल्याला मसुराची आमटी म्हणून हायसं वाटतं. पण ते बऱ्याचदा डुकराच्या हाडांच्या पाण्यात शिजवलेलं असतं, विचारून घ्या. बाकी सुपरमार्केटचं सँडविच-फळ-पेय असं एकत्र स्वस्तात मिळतं, दुपार भागते. खोलीत किटली असतेच, पोह्यांचं तयार पाकीट न्या.

मर्सीतीर

स्कॉटलंडवाल्यांनी धागा पळवला म्हणून लिव्हरपूलतर्फे निषेध.

लिव्हरपूल सेंट्रलहून साउथपोर्टची लोकल घ्या, दर पंधरा मिनिटांनी असते. हॉल रोड, फ्रेशफील्ड, एन्सडेल, हिलसाइड, प्रत्येक स्टेशनाला एक लिंक्स चिकटलंय. हिलसाइडला उतरलात की रॉयल बर्कडेल, २०२६ च्या ओपनचं यजमान. नदीपलीकडे विरलमध्ये हॉयलेक, म्हणजे रॉयल लिव्हरपूल, जिथे २०२३ मध्ये आपला शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला. जवळच वॉलसी क्लब. आपण रविवारी ज्या स्टेबलफर्ड पद्धतीने (दर होलचे वेगळे गुण, एक होल बिघडलं तरी सगळं जात नाही) गुण मोजतो ती तिथल्याच डॉक्टर स्टेबलफर्ड यांची, आणि १९३२ मध्ये पहिली स्पर्धा तिथेच झाली. तुमच्या चौघांचे हँडिकॅप बघता त्या माणसाचे उपकार मोठे आहेत.

सिंहगड_रोड

@मर्सीतीर, शेवटचं वाक्य आमच्या ग्रुपवर टाकलंय. :) पण हे क्लब परवडतील का?

मर्सीतीर

खरं सांगायचं तर मोठे नाहीत. ते खासगी आहेत आणि नावाजलेल्यांची फी ओल्ड कोर्सच्या जवळपास जाते. साउथपोर्टला पालिकेचं मैदान आहे, ते स्वस्त. हिवाळ्यात खासगी क्लबही दर उतरवतात, शिवाय वाळूची जमीन असल्याने पावसानंतर लगेच खेळता येतं. मे-सप्टेंबरात पहिल्यांदाच येत असाल तर स्कॉटलंडच बरं. निषेध मागे.

खोचक_खारू

पॉपकॉर्न संपलं आणि मी अजून वाचतोय. आता गंभीर प्रश्न. पैसा नक्की जातो कुठे? कारण इथे सगळे रेल्वे स्वस्त, बस स्वस्त म्हणतायत.

फोर्थकाठी

चांगला प्रश्न. सगळ्यात मोठा भाग विमान आणि व्हिसा, त्यात फार काही करता येत नाही. इथे आल्यावर पहिला नंबर ग्रीन फीचा, म्हणजे मैदानावर खेळायच्या फीचा, दुसरा खोलीचा, आणि स्थानिक प्रवास सगळ्यात शेवटी. म्हणून बचत करायची तर ग्रीन फीमध्ये. तिचे तीन रस्ते.

नावाच्या मैदानाचा धाकटा भाऊ शोधा. चॅम्पियनशिपऐवजी बर्नसाइड, ओल्डऐवजी ईडन, रॉयल ट्रूनऐवजी डार्ली. नॉर्थ बेरिकला वेस्ट लिंक्सचं नाव मोठं, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला ग्लेन आहे, कड्यावरून समुद्र दिसतो आणि फी निम्म्याहून कमी असते. एडिंबराहून थेट गाडी, साधारण अर्धा तास.

दुसरा, संध्याकाळचे दर. मे अखेरीस इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, जूनमध्ये दहापर्यंत. चार-पाचनंतरची फी उतरते आणि अठरा होल्स आरामात होतात. सप्टेंबरात हा फायदा नाही, अंधार साडेसात-आठला पडतो. या एका कारणासाठी मी मे म्हणेन. पूर्व किनाऱ्यावर मेमध्ये समुद्रावरून धुकं येतं, इथे त्याला 'हार' म्हणतात, ते आलं की झेंडा दिसत नाही. पण ते फुकट आहे.

तिसरा, आठवड्याचे वार. शनिवारी बहुतेक क्लबांत सभासदांच्या स्पर्धा असतात, पाहुण्यांना सोमवार ते गुरुवार बरे. आणि सप्टेंबरच्याच मागे लागलात तर महिनाअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात टाळा, डनहिल लिंक्स स्पर्धा तेव्हा ओल्ड कोर्स, कार्नूस्टी आणि किंग्सबार्न्सवर असते. २०२७ ची ओपनही सेंट अँड्रूजला आहे, त्या जुलैत इकडे फिरकूच नका.

रेल्वेवेडा

एक भर. लीव्हनला रेल्वे परत आली आहे, जून २०२४ मध्ये, १९६९ नंतर पहिल्यांदा. स्टेशनजवळच लीव्हन लिंक्स. ते आणि शेजारचं लंडिन १९०९ पर्यंत एकच मैदान होतं, आता मध्ये दगडी भिंत आहे. लीव्हनहून ९५ नंबरची बस किनाऱ्याने ईली, अँस्ट्रदर, क्रेल करत सेंट अँड्रूजला जाते. ईलीच्या पहिल्या टीवर पुढची टेकडी आड येते, म्हणून पुढचे खेळाडू गेले का ते बघायला पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय. मी गोल्फ न खेळता तो बघायला गेलो होतो.

सिंहगड_रोड

घरच्या बैठकीत पुढचं ठरतंय, बघा बरं.

मेचा दुसरा पंधरवडा. ग्लासगोला उतरून थेट ट्रून, तीन मुक्काम. फुलर्टन, डार्ली, एक दिवस गर्व्हन. प्रेस्टविकला फक्त भिंतीपाशी जाऊन यायचं. मग शनिवारी ग्लासगोमार्गे डंडी, पाच मुक्काम. रविवारी सेंट अँड्रूज, फिरणं आणि हिमालयाज. सोमवारपासून बर्नसाइड, मॉनिफीथ, ईडन, माँट्रोझ. ओल्ड कोर्सच्या चिठ्ठीत रोज नाव. ज्या दोघांना हवंय ते ३४० किंवा जी असेल ती फी भरतील, बाकीचे दोघे तेव्हा स्ट्रॅथटायरमवर.

फोर्थकाठी

छान. दोन दुरुस्त्या. चिठ्ठीत चौघांची नावं एकत्र घालायची की दोघांची, हे आधी ठरवा. चौघे लागले आणि दोघांनी फीमुळे माघार घेतली तर भांडण होईल, त्यापेक्षा पहिल्यापासून त्या दोघांचीच घाला. आणि सोमवारची चिठ्ठी शनिवारी दुपारी दोनच्या आत भरायची असते, तुम्ही तेव्हा गाडीत असाल. मोबाइलवर आधीच खातं उघडून ठेवा, हँडिकॅपचा दाखलाही त्यातच लागेल.

निवृत्त_सुभेदार

दाखला पुण्यातूनच क्लबच्या लेटरहेडवर घ्या, ॲपचा स्क्रीनशॉट वेगळा. पावसाळी जॅकेट आणि पँट दोन्ही. छत्री नको, तिथल्या वाऱ्यात ती उलटी होऊन हातात काड्या राहतात. गर्व्हनसाठी एअरला गाडी बदलावी लागेल आणि पुढच्या गाड्या विरळ आहेत, परतीची वेळ बघून टी टाइम घ्या.

रेल्वेवेडा

आणि रविवारी डंडीहून पहिली बस आठवड्यातल्यापेक्षा उशिरा सुटते. शनिवारी ग्लासगोत गाडी बदलताना सेंट्रलला उतराल आणि डंडीची गाडी क्वीन स्ट्रीटहून मिळेल. मधलं अंतर चालत दहा मिनिटं, बॅगा घेऊन पंधरा. तेवढा वेळ धरून तिकीट काढा.

खोचक_खारू

पाचवा माणूस चालेल का? खेळता येत नाही, बॅग उचलेन.

सिंहगड_रोड

@खोचक_खारू, व्यनि केलाय. व्हिसाचा खर्च तुमचा.